चोरीला गेलेलं वाक्य

"या हो या, पाहुणेहो, दमून आलात, बसा!
गाढवाला वाट द्या नि भिंतीशी टेकून हसा.
उन्हाची कड सोडा, सावलीची धरा,
शहाळ्याचं पाणी प्या, मग गाव फिरा.
फोटो काढण्याआधी माणसाला विचारा,
दार उघडं दिसलं, तरी उंबऱ्याशी थांबा जरा…"

शांगाजूच्या धक्क्यावर मोम्बासाकडची नाव लागली, की खांबावरच्या कर्ण्यातून हा आवाज यायचा. झुल्फाचा आवाज. झुल्फा पाहुण्यांना गाव दाखवायची. मस्कतला एका घरी कामाला जाण्याआधी, अबूदकाकांच्या हॉटेलात बसून तिने हे सगळं एका दमात सांगितलं होतं आणि अबूदकाकांनी ते यंत्रात भरून ठेवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. गावाला आता तो आवाज ऐकूही येत नसे. समुद्राची गाज ऐकू येत नाही, तसाच.

ऐकायची ती एकटी तिमा. झुल्फाची लेक.

सुट्टी लागल्यापासून ती रोज सकाळी कर्ण्याच्या खांबाला पाठ लावून बसायची. नावेतून माणसं उतरायची, पेट्या उतरायच्या, कोंबड्यासुद्धा उतरायच्या. सगळ्यांना कुणी ना कुणी न्यायला आलेलं असायचं. मग धक्का रिकामा व्हायचा, आणि तिमा उठून मामाच्या घरी जायची.

पण त्या शुक्रवारी ती उठलीच नाही.

"अगं ए, खांबाची बायको!" तिचा मामेभाऊ फमाऊ ओरडत आला. त्याच्या काखेत जुन्या चपलांच्या रबराची तीन खेळण्यातली होडकी होती. मागून शेजारची नऊ वर्षांची मिझा पळत येत होती. "आज शर्यत ठरली होती ना? शिडं लावून तयार आहेत!"

"माझ्या होडक्याला लाल शीड!" मिझा म्हणाली.

"श्श!" तिमाने हात वर केला. तिचा चेहरा उतरला होता. "फमाऊ, चोरी झालीय."

"कुठे? काय गेलं?"

"आईचं एक वाक्य!"

फमाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग खो खो हसला. "वाक्य? पोलिसांना काय सांगायचं? 'साहेब, वाक्य मध्यम बांध्याचं, रंग सावळा'?"

"हसू नकोस रे! मला सगळं पाठ आहे. 'उंबऱ्याशी थांबा जरा' झालं, की आई श्वास घेते. मोठा. मग म्हणते,
'बेटावर जाल, तर धक्क्यावरच्या पोरांना पाण्याची वेळ पुसा,
कालची वाट आज नसते, समुद्र रोज नवा असा!'
आज नुसता श्वास आला. पुढचं नाहीच!"

फमाऊचं हसू विरलं. तिमा खोटं बोलत नसे. कर्ण्यातलं तर नाहीच नाही.

"वाक्याच्या जागी काय होतं मग?" त्याने विचारलं.

"काचेच्या पेल्यात चमचा वाजल्यासारखं. आणि मग अबूदकाका. 'नारळाच्या रसातला खेकडा खायला आमच्याकडेच या!'"

"हात्तिच्या!" फमाऊने कपाळावर हात मारला. "मग चोर शोधायचाय कशाला? चोर स्वतःचा पत्ता सांगतोय!"

तिघं हॉटेलात घुसली. अबूदकाका चुलाण्यापुढे उभे होते. एका हातात कॉफीची सुरई, दुसऱ्या हातातल्या चमच्याने पेल्यात साखर ढवळणं चालू. टिण्, टिण्, टिण्! मिझाने फमाऊला कोपर मारलं.

"काका," तिमा म्हणाली, "माझ्या आईचं वाक्य तुम्ही काढलंत?"

"कुठलं गं? अच्छा, ते पाण्याचं?" काका मोकळेपणाने हसले. "काढलं की! खेकड्याला जागा नको का? आणि काय गं पोरी, भरती-ओहोटी कुणाला सांगावी लागते? सूर्य उगवतो हे सांगतो का आपण? शहाणं माणूस चंद्राकडे बघतं आणि समजतं!"

"पण पाहुण्यांना…"

"पाहुण्यांना डोळे नसतात होय? आणि हे बघ, पुढच्या आठवड्यापासून सगळंच बदलणार. मोम्बासाचा एक निवेदक येतोय. मागे बाजा, पुढे आवाज! आता किती दिवस तेच ते वाजवायचं?"

तिमा चुलाण्याजवळ सरकली. "म्हणजे आईचा आवाज… बंद?"

काकांचा चमचा थांबला. "अगं, झुल्फा आली की बोलेल की पुन्हा! कधी येतेय ती?"

तिमा दाराकडे वळली. आई आधी रमजानच्या ईदला येणार होती. मग बकरी ईदला. मग मालकिणीला बाळ झालं. आता फोनवर तारीख कुणी काढतच नसे.

तिघं बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. रबराची होडकी तशीच पडून राहिली. खाली पाणी दगडांवर चढत होतं, एकेक शेवाळी पायरी गिळत होतं.

"आपण काका झोपले की तारच कापू!" फमाऊ म्हणाला.

"मग आईचाही आवाज जाईल, शहाण्या."

"हं. तेही खरं."

मिझा मघापासून बोटाने वाळूत रेघा ओढत होती. तिने मान वर केली. "तिमाताई, ते वाक्य नसेल तर पाहुण्यांना बेटाचं कळणारच नाही ना?"

"नाहीच कळणार."

"मग ती जांभळ्या टोपीवाली आजी?"

"कुठली आजी?"

"आजच्याच नावेतून उतरली ती! सकाळी मला भेटली. बूट हातात घेऊन गोरखचिंचेच्या बेटाकडे चालली होती. म्हणाली, 'माझा भाचा मागच्या आठवड्यात आला होता. म्हणाला, सकाळी घोट्याएवढं पाणी असतं आणि दुपारी कोरडी वाट!' मला पाकातल्या गोड कैमाती दिल्या तिने. दोन!"

तिमा ताडकन उठली. "अगं वेडे, मागच्या आठवड्याचं वेगळं! आज ओहोटी सकाळीच संपली. परवा अमावास्या, पाणी उधाणाचं! घोट्याएवढं होतं ते ओसरणारं नव्हतं, चढणारं होतं!"

"मला काय माहीत!" मिझाचा ओठ थरथरला. "मला वाटलं, तिला माहीतच असेल!"

"सगळ्यांना तेच वाटतं," फमाऊ दात चावत म्हणाला. "अबूदकाकांसारखं!"

तिघं धक्क्याच्या टोकाला धावली. समोर बेट, बेटावर एकुलती एक गोरखचिंच, जाड बुंध्याची. मध्ये सकाळी जिथे वाळूची वाट होती, तिथे आता हिरवं पाणी तिरकं धावत होतं. आणि पलीकडच्या काठावर एक जांभळा ठिपका! आजीने घागरा गुडघ्यापर्यंत उचलला होता. ती पाण्यात पाय घालून चाचपत होती.

"आजीऽऽ! थांबाऽऽ!"

उत्तरेचा वारा समोरून येत होता. हाका त्यांच्याच तोंडावर परत आल्या.

तेवढ्यात मशिदीतून जुम्म्याची अजान संपली. धक्क्यावर चिटपाखरूसुद्धा उरलं नाही. नावा बांधलेल्या, नावाडी नमाजाला, बाया पुलावाच्या पातेल्यांपाशी. अबूदकाकाही हॉटेलाला कुलूप घालून केव्हाच गेले होते.

"मी बाबांचं होडकं सोडतो!" फमाऊ पळाला. "पण तिथवर जायला वेळ लागेल! तोवर तिला थांबव!"

थांबव! पण कशी? तिमाने वर पाहिलं. खांबावर कर्णा होता, गप्प. जुम्म्याच्या वेळी कर्णा वाजवायचा नाही, हा गावाचा नियम. तो कधी कुणी मोडला नव्हता.

"मिझा! हॉटेलाची मागची खिडकी!"

"छोटी आहे गं ती!"

"तू पण!"

मिझा मांजरासारखी आत शिरली. आत काहीतरी धडाडधुम पडलं. "काकांची सुरई!" असा आवाज आला, आणि मागचं दार उघडलं. तिमाने यंत्राची कळ दाबली. लाल दिवा लागला. तोंडापुढे बोलायची नळी आली.

तीन वर्षं ती या कर्ण्याखाली फक्त ऐकत आली होती. आता बोलायचं होतं. काय बोलायचं?

तिने मोठा श्वास घेतला. आईसारखा. आणि श्वासापाठोपाठ जे यायचं, तेच आलं.

"बेटावर जाल, तर धक्क्यावरच्या पोरांना पाण्याची वेळ पुसा,
कालची वाट आज नसते, समुद्र रोज नवा असा!"

आवाज छपरांवरून, माडांवरून, पाण्यावरून सुटला. पुढच्या खिडकीतून दिसणारा जांभळा ठिपका थबकला.

"जांभळ्या टोपीच्या आजी! पाण्यात येऊ नका! एक पाऊलही नाही! पाणी उतरत नाहीये, चढतंय! मागे फिरा, झाडाच्या वरच्या मुळावर चढून बसा! घाबरू नका, होडी निघालीय! मी बोलत राहते. तुम्ही एकट्या नाही आहात, आजी. मी इथे आहे!"

ठिपका हळूहळू मागे सरकला. वर चढला. बुंध्याला टेकला. तिमा बोलतच राहिली. बोलायला काही उरलं नाही तेव्हा तिने गाढवाला वाट कशी द्यायची ते सांगितलं, शहाळ्याचं सांगितलं, सावलीचं सांगितलं. सगळं पाठच होतं.

दारात धाप लागल्याचा आवाज आला. तिमा वळली.

शेबवानामामा उभा होता. अनवाणी. डोक्यावरची नमाजाची टोपी तिरकी झालेली. त्याचे डोळे खोलीभर कुणाला तरी शोधत होते.

"झुल्फा?" तो म्हणाला. "झुल्फा कुठे आहे? मी आत्ता तिचा आवाज ऐकला."

"मामा… मी होते ती."

तिमाने बाहेर बोट दाखवलं. मग त्याने तिच्या बोटाच्या दिशेने बेटाकडे पाहिलं, आणि पळत सुटला. फमाऊचं होडकं प्रवाहात गरगरत होतं. मामाने पाण्यात उडी टाकली, पोहत जाऊन वल्हं हातात घेतलं, आणि मग होडकं सरळ झाडाकडे निघालं.

आजी धक्क्यावर उतरली, तेव्हा सगळं गाव जमलं होतं. आजीचं नाव न्याम्बुरा. न्येरीच्या डोंगरातल्या शाळेतली बाई. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायला आली होती, एकटीच.

"आमच्याकडे नदी येते ती जातेच," बाई हातात कॉफीचा पेला धरून म्हणाली. "पाणी परत येतं, हे मला कोण सांगणार? मी पाण्यात दुसरा पाय टाकणार, तोच वरून कुणी आई बोलावी तसं बोललं बघा."

सगळ्यांनी अबूदकाकांकडे पाहिलं. काका चेपलेली सुरई उराशी धरून उभे होते.

"मला वाटलं, हे जगात सगळ्यांना माहीत असतं," ते हळूच म्हणाले. "आपण पाण्यातच वाढलो ना! माझं चुकलं, बाई. माझ्या खेकड्याची शपथ!"

"खेकड्याला कशाला मध्ये घेता?" फमाऊ पुटपुटला. "त्याचा काय दोष?"

धक्का हसला. न्याम्बुराबाईसुद्धा हसली. मशिदीचे म्हातारे इमाम पुढे आले, आणि तिमाने मान खाली घातली. नियम तिने मोडला होता.

"पोरांनो," इमाम म्हणाले, "जुम्म्याला कर्णा वाजवायचा नाही, हा नियम आम्हीच केला. पण एक जीव वाचवणं त्याहून मोठं आहे. शाबास! तिघांनाही शाबास! अबूद, तुझा तो बाजावाला निवेदक मोम्बासातच राहू दे. झुल्फाचा आवाज इथेच राहील."

"पण गेलेलं वाक्य?" काका कानकोंडे होऊन म्हणाले. "ते मी पुसून टाकलंय. परत येणार नाही."

"ते रोज नवंच हवं," न्याम्बुराबाई म्हणाली. "समुद्र रोज नवा म्हणता ना? मग रोज त्या दिवसाची वेळ या मुलीनेच सांगावी. आईने श्वास घेतला, की लेकीने बोलावं."

"आणि शर्यत?" मिझाने लाल शिडाचं होडकं उंच धरलं. "आता आहे का कुणाला वेळ?"

शर्यत झाली. मिझा जिंकली, कारण फमाऊचं होडकं उलटलं आणि तिमाने आपलं सोडलंच नाही.

संध्याकाळी मामाचा फोन वाजला. शुक्रवारचा फोन. तिमा तो घेऊन धक्क्यावर गेली. खांबाशी बसली. अंधारायला लागलं होतं. पाणी आता पुन्हा ओसरत होतं, वाळूची वाट पाठीचा कणा दाखवत वर येत होती.

"तिमा? बाळा, आज पाणी कसं आहे?" आईने विचारलं. ती नेहमी हेच आधी विचारायची.

"उतरतंय, आई. परवा उधाण."

"दादा म्हणाला, आज तू गाव जागं केलंस! म्हणाला, 'झुल्फा, मला वाटलं तूच आलीस.' " आई हसली. हसता हसता थांबली. तिकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. "मला जायला हवं गं. मजेत आहेस ना?"

तीन वर्षं तिमा या प्रश्नाला एकच उत्तर देत आली होती. तेही तिला पाठ होतं. डोक्यावरचा कर्णा गप्प होता. तिने मोठा श्वास घेतला.

"नाही, आई," ती म्हणाली. "मी मजेत नाही. नाव आली की मी रोज इथे बसते, आणि तू उतरत नाहीस. तू घरी ये."