यादीतलं पाचवं

परत अडकला का तुमचा इंटरनेटचा डबा? अडकू दे. त्याच्यापुढे हात जोडून बसण्यापेक्षा इकडे सरका, आणि तो मोठा दिवा घालवा, डोळ्यांवर येतो. एक सांगतो. माझ्यासमोर घडलेलं नाही, पण ज्याच्यासमोर घडलं तो माझ्याशी खोटं बोलत नाही. आमच्या दोघांत खोटं बोलायचं काम माझ्याकडे आहे.

हा माझा मित्र घरोघरी जाऊन इंटरनेट दुरुस्त करतो. आम्ही त्याला बंदचालू म्हणतो, कारण कसलंही दुखणं घेऊन जा, आधी बंद करून चालू करायला सांगतो. गेल्या वर्षीचा मार्च, दुसरा मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला त्याला चष्मेवाल्याचा फोन आला. कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आहे, तो.

"घरचा राउटर हँग होतो. आज येच. मीही दुकान लवकर बंद करतोय."

"कधी होतो?"

"रोज. सव्वानऊला."

"वेळेचा पक्का दिसतोय. तुझ्या दुकानात ठेव कामाला."

पलीकडून हसू आलं नाही.

जिन्यातच चष्मेवाल्याने त्याला गाठलं. "हिच्यासमोर बोलू नकोस. चपलांच्या कपाटावर मी एक बारका कॅमेरा लावलाय, दाराकडे तोंड करून. दुकानातून बघतो. रोज सव्वानऊला तो बंद पडतो. मी दहाला घरी येतो, तोवर बंदच. मधल्या वेळात घरात कोण येतं, ते मला कळलं पाहिजे."

"अरे, राउटर म्हातारा झालाय."

"रोज सव्वानऊला म्हातारा होतो?"

आता या चष्मेवाल्याचं ऐका. पहिली बायको अपघातात गेली, तीन वर्षांनी याने दुसरं लग्न केलं. ही दुसरी दवाखान्यात नर्स. साधी, हसतमुख बाई. पण दूधवाला तिच्याशी दोन मिनिटं जास्त बोलला की याची झोप उडायची. पहिली याच्याही वरचढ होती म्हणे. शेजारीण एकदा याला म्हणाली, मिशा छान दिसतात हो तुमच्या. दुसऱ्या दिवशी मिशा गेल्या. जोडा अगदी शोभून दिसायचा.

तर घरात गेले. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. राउटर हॉलमध्ये फळीवर होता. नऊ वर्षांचा, पिवळा पडलेला, पहिलीच्या वेळचा. बंदचालूने हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. त्याने धूळ झटकली. हवा खेळावी म्हणून खाली दोन ठोकळे ठेवले. अडॅप्टर बदलला, कारण निम्मे राउटर अडॅप्टरपायीच जीव टाकतात. वायफायचा चॅनल बदलून पाहिला. शेवटी मागच्या भोकात टाचणी खुपसून सगळं पुसून कोरं केलं आणि मनाने नवा पासवर्ड घातला. तो त्याने स्वतःच्या हाताने चार ठिकाणी भरला. कुणाला सांगितला नाही.

नऊ वाजून दहा मिनिटं. राउटर झकास चालू. बंदचालूने लॅपटॉप वायरने जोडला आणि कोण कोण जोडलेलं आहे ती यादी उघडली. आता या माणसाची एक खोड आहे, यादी मोठ्याने वाचायची.

"टीव्ही. तुझा फोन. वहिनींचा फोन. चपलांच्या कपाटावरचा कॅमेरा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कसला कॅमेरा?"

बंदचालू म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की स्वतःलाच बंद करावं.

तेवढ्यात यादीत पाचवी ओळ आली.

नावाची जागा रिकामी. पुढे फक्त आकडा. तो आकडा वस्तू किती जवळ आहे ते सांगतो. शंभर म्हणजे राउटरला चिकटून.

"अठरा," बंदचालू म्हणाला. "हे खाली आहे. फाटकाशी."

"आला," चष्मेवाला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ. आला."

"पासवर्ड कुणाला माहीत नाही रे..."

बंदचालू आकडाच वाचत होता. "सत्तावीस. जिना."

चष्मेवाल्याने धाडकन दार उघडलं. जिन्यात दिवा चालू. कुणी नाही.

"एकेचाळीस."

"कुणी नाहीये."

"पंचावन्न... दार लाव."

लावलं.

"सत्तर."

आकडा आत आला होता.

चष्मेवाला मागे मागे सरकत झोपायच्या खोलीत गेला. बंदचालूने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. साठ. बावन्न.

"बाहेर ये."

आला. सत्तर.

"परत आत जा."

"कशाला?"

"जा."

बावन्न...

आकडा त्याच्याबरोबर चालत होता.

वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. हळू बोलल्या. "रोज येतं. दार उघडत नाही. सोफ्यावर बसतं, तुम्ही येईपर्यंत. मी ओट्यापाशी उभी राहते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. घरात कुणीतरी येतं म्हटलं. तुम्ही एवढंच विचारलंत, कोण आहे तो."

चष्मेवाला हॉलमध्ये येऊन फळीपाशी उभा राहिला.

पडद्यावर रिकाम्या जागेत अक्षरं आली. जुन्या राउटरला नाव दाखवायला वेळ लागतो.

बंदचालूने या वेळी मोठ्याने वाचलं नाही. लॅपटॉप चष्मेवाल्याकडे वळवला.

राणीसरकार.

पहिलीच्या फोनला ते नाव यानेच दिलं होतं, लाडात असताना. त्या फोनचा अपघातात चुरा झाला. पोलिसांनी पाकिटात घालून दिला, तो यानेच टाकून दिला होता.

राउटरचे दिवे थिजले. पडदा गोठला. आकडा शेवटी होता त्र्याण्णव... चष्मेवाला तेव्हा फळीखालीच उभा होता.

वहिनींनी पिशवी भरली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "तिला सहन करत होते मी. वाटायचं, बिचारी वाट बघत बसते, बसू दे. पण रोज घरात दोघं जण माझ्यावर पहारा करत होते, हे आज कळलं. आता तुम्ही एकमेकांवर करा."

बंदचालूने त्यांना बहिणीच्या घरी सोडलं. त्या परत आल्या नाहीत.

जुलैमध्ये बंदचालू सहज तिकडे डोकावला. तोच राउटर, त्याच फळीवर. चष्मेवाला म्हणाला, त्या दिवसापासून एकदाही हँग झाला नाही. तो स्वतः मात्र वाळला होता. दुकान सहालाच बंद करतो म्हणाला. का, ते सांगितलं नाही.

दोघं बसले. खिडकी उघडी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी बाई हसली, मोकळं, छान. चष्मेवाला सवयीने उठला, खिडकीकडे निघाला. दोन पावलं.

थांबला.

मागे वळून पाहिलं नाही. आला तसा मागे गेला आणि सोफ्यावर बसला. हात मांडीवर ठेवले.

बंदचालू निरोप घ्यायला वाकला, तेव्हा त्याला दिसलं. चष्मेवाल्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला, डाव्या दंडावर, चार चुण्या पडल्या होत्या. शेजारी शेजारी. बोटांएवढ्या.

आणि त्या अजून... घट्ट होत होत्या.