अप्पांचा गुडघा

मिरजेच्या प्रतिरूप केंद्रात सकाळपासून रांग होती. जुनी प्रतिरूपं त्या संध्याकाळी कायमची बंद पडणार होती, म्हणून जो तो आपलं गेलेलं माणूस नव्या पद्धतीत बदलून घ्यायला आला होता. वैजूने आपल्या वडिलांना, अप्पांना आणलं होतं.

प्रतिरूप म्हणजे माणसाच्या गुणांची जुळणी: आवाज, आवडीनिवडी, दुखणीखुपणी. एखादा गुण विचारला की उत्तर थेट येत नाही. मध्ये राखणदार असतो, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. काय सांगायचं आणि काय बदलू द्यायचं, ते तो ठरवतो. पूर्वी प्रत्येक गुणाचा राखणदार हाताने लिहावा लागे. आता एका ओळीत काम भागतं. सगळ्या गुणांना एकच राखणदार, आणि तो असेल ते जसंच्या तसं सांगतो.

“बोला त्यांच्याशी, मावशी. बदलण्याआधी तपासून घेऊ,” केंद्रातला तरुण अभियंता तौफिक म्हणाला.

“अप्पा, गुडघा कसा आहे?” वैजूने रोजच्या सवयीने विचारलं.

“आहे जागेवर. तू दूध झाकलंस का?”

वैजू हसली. “जन्मात कधी स्वयंपाकघरात फिरकले नाहीत, आणि आता दुधाची काळजी.”

तौफिकने आतला मजकूर उघडला. “हे त्यांचं नाहीच, मावशी. राखणदार बोलतोय. कोणी लिहिला हा?”

“आईने. अप्पा गेल्यावर...” वैजू थबकली. कपाळावर चष्मा चढवून, ताट बाजूला सारून टाइप करत बसलेली आई तिला दिसली. पुढे तीही गेली, पण स्वतःचं प्रतिरूप तिने करूच दिलं नव्हतं. मला कशाला ठेवता, म्हणाली होती.

“हा राखणदार तेवढा नव्यात घे, बाबा.”

“हाताने लिहिलेलं आता चालत नाही. त्याला जागाच ठेवलेली नाही, म्हणून तर सगळं सोपं झालं. अप्पा मात्र पूर्ण येतील.”

मागचा माणूस घसा खाकरू लागला. बाहेर ऊन कलत होतं.

“एकदाच विचारते,” वैजू म्हणाली. “अप्पा, गुडघा कसा आहे?”

“आहे जागेवर. तू दूध झाकलंस का?”

“झाकलं, आई.”

मग तिने तौफिककडे बघून मान हलवली. काम क्षणात झालं.

“आता विचारा.”

“अप्पा, गुडघा कसा आहे?”

“दुखतो गं,” अप्पा म्हणाले. “फार दुखतो. तुझ्या आईला विचार.”