दुखण्याचा आकडा

२००८च्या हिवाळ्यातली गोष्ट. भोरच्या एका छोट्या दवाखान्यात पित्ताशयाची ऑपरेशनं दुर्बिणीतून व्हायची. पोटाला चार भोकं, बस्स! नंतर कमी दुखावं म्हणून डॉक्टरीणबाई नसा बधिर करणारं इंजेक्शन द्यायच्या. कुणाला पोटात, कुणाला पाठीत मणक्याजवळ. कुठलं सरस ते ठरवायचं होतं. कुणाला कुठलं दिलंय हे सिस्टर महेजबीनला मुद्दाम सांगत नसत. तिनं फक्त विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? आणि आकडा लिहायचा. खोटा आकडा तिनं कधी म्हणजे कधी लिहिला नव्हता.

गुंजवण्याच्या सगुणाबाईंना आत नेताना त्यांचे मालक रखमाजी पुढं आले. लाजतच त्यांनी बायकोच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. अलाबला घेतली.

"अवो, बायकांवानी काय करताय! लोकं बगत्यात."

"बगू देत. तुजी समदी पीडा मला लागू दे."

महेजबीनला हसू आलं आणि भरूनही आलं.

दुपारी तिनं विचारलं, "आजी, किती दुखतंय?"

"शून्य."

संध्याकाळी पुन्हा शून्य. खोकल्यावरही शून्य.

डॉक्टरीणबाई कागद बघतच राहिल्या. "अगं, यांना दोन्हीतलं एकही इंजेक्शन दिलेलं नाही. सुई कुठं जातेय ते दाखवणारं सोनोग्राफीचं मशीन ऐन वेळी बिघडलं, राहूनच गेलं."

बाहेर बाकावर रखमाजी वाकून बसले होते. हात उजव्या बरगडीखाली, चेहरा घामानं डबडबलेला.

"बाबा, किती?"

"आठ," ते पुटपुटले. "तिला सांगू नगंस, पोरी. झोपू दे तिला."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही सापडेना. गोळीनंही उतार पडेना. महेजबीनचा जीव कळवळला. "वेडे आहात हो बाबा," म्हणत तिनं घरी लेकीची रोज घ्यायची तशीच त्यांची अलाबला घेतली. बोटं कडाकडा वाजली.

म्हातारा ताठ बसला. "आता लई बरं वाटतंय बग."

ड्यूटी संपवून ती घरी निघाली. घराच्या पायऱ्या चढताना भिंतीला टेकली. पोटात दुखत होतं.

चार जागी.

दारातून पाच वर्षांची अम्रीन धावत आली. "अम्मी, दुखतंय का तुला?" तिनं आईच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांकडे नेले.

महेजबीननं ते हात झडप घालून मुठीत धरले.

"नाही गं राजा. शून्य."

मुठीत एक इवलंसं बोट कट्‌कन वाजलं.