इथला राजा

मारोतराव मास्तरांनी हयातभर वाशीमच्या शाळेत इंग्लंडचा इतिहास शिकवला. इंग्रज गेले, मागोमाग पाठ्यपुस्तकातून त्यांचे राजे गेले आणि मास्तर निवृत्त होऊन किन्हीराजा या आपल्या गावी आले. राजे आणि मास्तर एकदमच बेकार झाले. फरक इतकाच की राजांना भूक लागत नव्हती.

बायको आधीच गेलेली. घरात बोलायला भिंती होत्या, पण त्या हुंकार देत नसत. शेजारच्या सोजरबाई संध्याकाळी भाकरी देत, तीही उंबऱ्याबाहेरूनच. छप्पन सालच्या त्या हिवाळ्यात मास्तर पारावर बसून केंटच्या एथलबर्ट राजाची गोष्ट सांगत. समुद्रापलीकडून परके लोक धर्म सांगायला आले. राजा म्हणाला, भेटतो, पण उघड्यावर. छपराखाली हे जादू करतील.

"एथल म्हंजे इथलाच ना, मास्तर?" पारावर एकटेच ऐकत बसलेल्या जानरावांनी विचारलं.

मास्तर उच्चार समजावू लागले. जानराव उठू लागले. एका स्वरापायी एकुलता एक श्रोता घालवणं मास्तरांना परवडेना.

"इथलाच," ते म्हणाले.

गोष्ट सोजरबाईंपर्यंत पोचली. "छपराखाली येत नाई तं आंगनात बाज टाका. इथल्या मानसाले उभं ठिवता काय?"

मास्तरांनी हसत बाज टाकली. सकाळी ती मधोमध दबलेली होती. मास्तरांनी मांजरीला दोष दिला. दुसऱ्या सकाळी आणखी दबली. एवढं वजन असलेली मांजर मास्तरांच्या घरी कशाला राहील?

त्या दिवशी दिवेलागणीला जानराव रस्त्यावरूनच म्हणाले, "मास्तर, आंगनात कोन बसून राह्यलं?" आणि थांबले नाहीत.

मास्तरांनी दारातून पाहिलं. घोंगडी पांघरलेली रुंद पाठ. ओल्या लोकरीचा आणि खारा वास. मास्तरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी तो वास त्यांनी ओळखला.

"आत या," मास्तर म्हणाले.

"छपराखाली नाई. तुमीच या बाहीर."

बायको गेल्यापासून त्यांना 'या' कुणी म्हटलं नव्हतं. ते अनवाणीच गेले.

बाज गार होती. दोघं शेजारी बसले. बरं वाटत होतं.

"भिता कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

पाहुण्यानं हनुवटीनं घर दाखवलं.

आत कंदील लागला. कुणी तरी खोकलं. खोकला मास्तरांचा होता.

सोजरबाई भाकरी घेऊन आल्या. बाजेकडे बघून त्या दाराशी जाऊन आत म्हणाल्या, "लय दबली वो आज. दोघं बसले काय?"

मास्तरांनी बाजेवरून हाक मारली. बाज तेवढी करकरली.

"उंबऱ्यावरून नका देऊ," आतून मास्तरांचाच आवाज आर्जवानं म्हणाला. "आत या, सोजरबाई."

सोजरबाईंनी पदर सावरला आणि वाकून आत गेल्या.

बाजेवर आणखी एकाला जागा होईल, इतका पाहुणा सरकला.