जास्तीचे घेतलेले

झेरॉक्स मशीनने त्या सकाळी एकाच कागदाची उजवी कड खाल्ली होती, आणि तो कागद नेमका त्याच्या वाट्याला आला.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत सराव परीक्षा सुरू झाली होती. बाकाबाकांवर माना खाली गेल्या होत्या. त्याने प्रश्नपत्रिका उलटली. प्रश्न सगळे होते, पर्याय मात्र नव्हते. जिथे अ, ब, क, ड असायचे तिथे कागद नुसता पांढरा होता, आणि मशीनमधून निघाल्यामुळे अजून कोमट होता.

क्लासमध्ये त्याला सगळे 'फटाफट' म्हणत. सरांनी फळ्यावर गणित मांडून खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून त्याचा आवाज येई, "क!", आणि उत्तर बरोबर निघे. नोकरभरतीच्या परीक्षेत वेळेशी झुंज असते, असे सर सांगत आणि त्याच्याकडे बोट दाखवत. त्याचा फोटो खाली जिन्याच्या तोंडाशी फलकावर लावलेला होता. पण त्याला हे जमते कसे, ते कुणी कधी विचारले नाही. खरे तर तो गणित सोडवतच नसे. दोन्ही संख्यांचे एकक अंक गुणी, त्यातून शेवटी कोणता अंक येणार ते पाही, आणि ज्या पर्यायाच्या शेपटाला तो अंक असेल त्याचे अक्षर सांगून मोकळा होई. मधल्या आकड्यांकडे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेच नव्हते.

आता समोर ४७ गुणिले ९९८ होते. सात आठे छप्पन्न; म्हणजे उत्तर सहाने संपणार, एवढे त्याला कळले, आणि त्याने कागदावर नुसता सहा लिहिला. पण त्या सहाच्या आधी काय, ते काही केल्या कळेना.

शेजारी ती बसली होती. क्लासमध्ये नवीन होती, पण तिलाही एव्हाना नाव मिळाले होते — 'गोगलगाय'. सगळे उठून गेले तरी ती सोडवत बसे, आणि एकेक गणित दोनदा करी. तिची पेन्सिल कागदावर एका संथ लयीत चालत होती. ती थांबली, तेव्हा त्याच्या लक्षात आले, की ती पाहत आहे. आधी तिने त्याचा कागद पाहिला, मग त्याचा चेहरा.

तिने कोपराने आपली प्रश्नपत्रिका सरकवली. पर्यायांची कड त्याच्या बाजूला आली.

"माझे पर्याय घ्या," ती कुजबुजली. "मला नाही लागत."

त्याने ते घेतले. त्या दिवशीही तोच पहिला आला. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तो मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. ती मात्र टाळ्या वाजवत नव्हती. पेन्सिलीला टोक काढत होती.

घरी ताई पडद्यांसाठी खिडकीची मापे घेत होती. "दोन मीटर चाळीसची खिडकी, आणि चुण्यांसाठी अडीचपट घ्यायचं. किती कापड आणू रे?"

"त्याला काय विचारतेस," भावोजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "यंत्र आहे ते. चुटकीसरशी सांगेल."

तो खिडकीकडे पाहत राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेले, "पर्याय सांग ना."

"पर्याय?" भावोजींनी वर्तमानपत्र खाली केले. "अ, कापड आणायचं. ब, तुझ्या ताईची बोलणी खायची. तिसरा पर्याय या घरात नाही!"

ताई मोजपट्टी हातात धरून हसत सुटली. तोही हसला. पण जेवताना त्याने खिडकीकडे पुन्हा पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ती समोर आली. तो बाजूला झाला, मग धीर करून म्हणाला, "तुम्ही... कुणाला सांगितलंत का?"

"काय?"

"ते... कालचं. पर्यायांचं."

"मी गोगलगाय ना?" ती म्हणाली. "सांगायला निघेन तोवर परीक्षा होऊन जाईल." तो हसला नाही, तेव्हा तिने मान वाकवून त्याच्या नजरेत पाहिले. "अहो, चेष्टा केली. एक विचारू? ते सहाने संपणार, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं. मला सगळं सोडवून झाल्यावर कळतं, आणि तोवर घंटा होते. मला तेवढं शिकवा."

"आणि तुम्ही?"

"मी मधले आकडे शिकवते."

गच्चीच्या कुलूपबंद दाराशी जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या होत्या. तिथे कुणी येत नसे. एका अरुंद खिडकीतून दुपारचा प्रकाश वहीवर पडे, आणि तो सरकत दुसऱ्या पायरीवर गेला की ती दोघेही एक पायरी खाली सरकत.

"नऊशे अठ्ठ्याण्णव वेळा सत्तेचाळीस घ्यायचं म्हटलं तर जिवावर येतं ना?" ती सांगे. "मग सरळ हजार वेळा घ्या."

"पण ते चूक होईल."

"चूक नाही, जास्त होईल. सोपं पडावं म्हणून आपण जास्तीचं घेतलं. मग जेवढं जास्तीचं घेतलं तेवढं परत द्यायचं. बोला, किती?"

"दोन."

"दोन काय? दोन सत्तेचाळीस! घेताना सत्तेचाळीस-सत्तेचाळीस घेता आणि परत देताना नुसते दोन टेकवता? फारच चिकट बुवा तुम्ही."

"चौऱ्याण्णव," तो घाईघाईने म्हणाला.

"हं. आता सत्तेचाळीस हजारांतून काढा. हळू. कुणी पाठीमागे लागलंय का?"

शेहेचाळीस हजार नऊशे सहा. पहिल्यांदाच त्या सहाच्या आधीचे सगळे आकडे त्याच्या हातून कागदावर उतरले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला... आणि तिने लगेच तेच गणित दुसऱ्या रीतीने करायला घेतले. तिला ताळा पाहिल्याशिवाय राहवत नसे.

"बरोबर आलंय की," तो म्हणाला.

"आई शाळेत शिकवते माझी. आमच्याकडे ताळा जमल्याशिवाय ताट वाढत नाहीत." मग खोडलेल्या रेघांवर फुंकर घालत ती म्हणाली, "आणि एकदाच विचारलं तर कुणी खरं सांगत नाही. आकडेसुद्धा."

खोडरबराचा तो बारीक चुरा त्याच्या बाहीवर उडाला. घरी पोहोचेपर्यंत त्याने तो झटकला नाही.

दिवस असे सरकत गेले. तिला शेवटचा अंक चटकन दिसू लागला, त्याला मधले. 'तुम्ही' कोणत्या गणितात गळून पडले, ते दोघांनाही सांगता आले नसते. एक दिवस ती म्हणाली, "अरे, तुझे कान का लाल होतात सारखे?" आणि ते आणखी लाल झाले.

मग फलकावर सूचना लागली. यंदापासून गणिताच्या भागात पर्याय नसतील. उत्तर ज्याचे त्याने लिहायचे.

बाकांवर एकच गलका उडाला. "मेलो!" कुणी ओरडले. "आपलं काय व्हायचं ते होवो, फटाफटला काय फरक पडतो!" एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि काय रे, वर गच्चीच्या जिन्यात गोगलगायीबरोबर काय चालतं तुझं? आं?"

सगळे त्याच्याकडे वळले. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते त्याच्या जिभेवर आलेही होते.

"शिकवतो तिला," तो म्हणाला. "जरा हळू आहे ना ती. एकेका गणिताला दुपार जाते."

हशा पिकला. तो पिकत असतानाच त्याला दारात ती दिसली — हातात टोक काढलेली पेन्सिल घेऊन. एखाद्या गणिताकडे पाहावे तसे तिने त्याच्याकडे पाहिले, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत.

"खरंच आहे," ती म्हणाली. "मला वेळ लागतो."

आणि ती पुढे जाऊन निराळ्या बाकावर बसली. त्या दुपारी जिन्यात ती नव्हती. नंतरही आली नाही. तो मात्र रोज जाई. प्रकाश सरकला की सवयीने एक पायरी खाली सरके, आणि मग आपण एकटेच सरकलो, या जाणिवेने त्याला स्वतःकडे पाहवत नसे. तिने त्याची लाज झाकली होती, त्याने तिची चारचौघांत काढली. माफी मागण्याची वाक्ये तो मनात जुळवी. पण ती सगळी हळू आवाजात, कुणी नसताना म्हणायची होती, आणि ती त्याला स्वतःलाच पटत नसत.

रविवारी सरांनी नव्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलावले होते. खोली भरून गेली. माहितीपत्रके वाटायला सरांनी तिला दाराशी उभे केले होते.

"पर्याय बंद झाले म्हणून घाबरून जायचं नाही," सर म्हणाले. "हा आमचा फटाफट. बघा आता!" आणि त्यांनी फळ्यावर लिहिले — ६३ गुणिले ९९७.

तो उठला. तीन साते एकवीस. उत्तर एकने संपणार. जुन्या सवयीने एवढे त्याला वाटेतच कळले होते. फळ्याशी येऊन त्याने खडू उचलला. हजार वेळा घेतले, त्रेसष्ट हजार. जास्तीचे किती? तीन. त्याने तीन वजा केले आणि बासष्ट हजार नऊशे सत्त्याण्णव लिहिले.

"शाब्बास!" सर न बघताच म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

त्याने शेवटच्या अंकाकडे पाहिले. सात. तिथे एक यायला हवा होता.

"थांबा," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "थांबा. चुकलंय."

टाळ्या विरल्या. त्याला पायऱ्यांवरचा तो आवाज आठवला — फारच चिकट बुवा तुम्ही. त्याने तळहाताने उत्तर पुसले.

"मी जास्तीचं घेतलं होतं," तो फळ्याकडे तोंड करूनच बोलू लागला. "आणि परत देताना नुसते तीन दिले. तीन त्रेसष्ट द्यायला हवेत." त्रेसष्ट त्रिक त्याला येईना. साठ त्रिक एकशे ऐंशी, तीन त्रिक नऊ. एकशे एकोणनव्वद. मग हातचे घेत, एकेक घर मागे जात त्याने वजाबाकी केली. खडू दोनदा मोडला. पहिल्या रांगेतले एक वडील घड्याळ बघू लागले.

बासष्ट हजार आठशे अकरा.

"वेळ बराच लागला की," ते वडील म्हणाले.

"हो," तो वळून म्हणाला. "मला वेळ लागतो."

दाराशी माहितीपत्रके देणारा हात थांबला.

"मला पर्यायांशिवाय गणित येतच नव्हतं," तो म्हणाला. कान पेटले होते. ते पेटलेलेच राहू देत, असे त्याला वाटले. "शेवटचा अंक बघून मी उत्तर ओळखायचो. आत्ता जे केलं, ते मला तिनं शिकवलंय. त्या... दाराशी उभी आहे ना, तिनं. मी तिला शिकवतो असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं."

"आयला, फटाफट..." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले. सर मोठ्याने खोकले आणि शुल्काच्या सवलतीविषयी बोलू लागले. तो हातावरचा खडू न झटकता सगळ्यांच्या नजरांमधून बाहेर पडला आणि जिना चढून वर गेला.

बऱ्याच वेळाने तिची पावले वाजली. ती दोन पायऱ्या खाली थांबली.

"सरांनी फलकावरून तुझा फोटो काढायला सांगितलाय."

"काढू दे."

"एवढं सगळं सांगायची काय गरज होती? 'मला शिकवलं कुणीतरी' म्हटलं असतंस तरी भागलं असतं."

"ते नुसते तीन दिल्यासारखं झालं असतं."

तिने ओठ घट्ट मिटले. हसू आवरत होती की रडू, त्याला कळेना.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"बराच उरलाय."

"किती?"

"का? पर्याय हवेत?"

"नको," तो म्हणाला. मग खिडकीकडे, मग स्वतःच्या पांढऱ्या तळहाताकडे पाहत म्हणाला, "मला... मला तू आवडतेस. तुला... तुझ्या मनात काय आहे?"

"याला पर्याय?"

"दिलेले नाहीत."

ती त्या खालच्याच पायरीवर बसली आणि पिशवी शेजारी ठेवली. प्रकाश सरकून तिच्या खांद्यावर आला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यावरून उत्तर ओळखता येईल, असे एकदा त्याला वाटले. पण त्याने नजर दुसरीकडे वळवली आणि ओळखायचे नाही असे ठरवले. तिला वेळ लागतो. खालून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले, चष्म्याच्या दुकानाचे शटर खाली ओढले गेले.

"पुन्हा विचार," शेवटी ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारले. या वेळी मधलेही सांगितले: 'मला नाही लागत' म्हणालेली ती, बाहीवरचा न झटकलेला चुरा, एकट्याने सरकलेल्या पायऱ्या. सांगताना तो दोनदा अडखळला, आणि कान लपवायला त्याच्याजवळ काहीच नव्हते.

ती ऐकत राहिली, तसूभरही घाई न करता.

"दोन्हीदा तेच येतंय," ती अगदी हळू म्हणाली, आणि शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेत तिने त्याच्यापुरती जागा केली.