पेट्रोल पिणारी पिवळी स्नोमोबील

"पाना!" बाबांनी मागे न बघताच हात पुढे केला.

मालविकाने पाना उचलला, पण तोवर वेदने दुसरा त्यांच्या हातात ठेवलासुद्धा!

"शाब्बास! याला बरोबर कळतं काय हवंय ते!"

मालविकाने आपला पाना खोक्यात टाकला. जरा जोरातच.

वेद आणि धाकटी दिया ही तिची चुलत भावंडं. शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत लंडनच्या ईलिंगहून स्कॉटलंडला, तिच्या घरी आलेली. बाबा इथे गुरांचे डॉक्टर. बर्फाने रस्ते बंद झाले की डोंगरावरच्या शेतांवर जाता यावं, म्हणून त्यांनी यंदा एक जुनी, पिवळी स्नोमोबील घेतली होती. शनिवारी पहिली मोठी फेरी! मागे एकालाच जागा, आणि ती ख्रिसमसपासून मालविकाला कबूल केलेली.

पण गाडी पेट्रोल ढोसत होती. भरलेली टाकी अर्ध्या वाटेवरच तळाला! "बिघाड जो शोधेल तो शनिवारी माझ्या मागे," बाबांनी सोमवारी जाहीर केलं. "नाही सापडला तर शुक्रवारी दुपारी गाडी परत." आणि हे म्हणताना ते बघत होते वेदकडे!

तेव्हापासून वेद इंजिनाशी, वेद मागच्या सीटवर. मालविका मात्र कुंपणावर.

"काका, प्लग परत काळा," वेद ओरडला. "माझा हात पण काळी झाली!"

"काळा झाला," मालविका म्हणाली.

"व्हॉटेव्हर."

दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ती बाबांनाच न्याहाळत राहिली. दर वेळी तेच. हँडलजवळची छोटी कळ वर, दोरीला झटका, इंजिनाची घरघर, मग कळ अर्धी खाली. अर्धीच! गाडीबरोबर आलेलं जुनं माहितीपुस्तक तिने उघडलं. ती कळ म्हणजे चोक. थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून जादा पेट्रोल सोडणारा. इंजिन तापलं की पूर्ण बंद करायचा.

जेवताना तिने विचारलं, "बाबा, चोक पूर्ण बंद नको का करायला?"

"थंडीत थोडा लागतोच गं! पुण्यात डिसेंबरात माझी स्कूटर कॉलेजपर्यंत अर्ध्या चोकवर जायची. वेद, प्लग पुसलास का?"

संपलं! आता दाखवूनच द्यायला हवं. पण चोकपर्यंत हात पोचणार कुणाचा? मागे बसणाऱ्याचा. वेदचा! त्याला सांगावं, तर तो काकांना सांगून जागा पटकावणार. न सांगावं, तर गाडीच जाणार. शुक्रवार सकाळपर्यंत ती त्याच्याशी धड बोललीसुद्धा नाही. मग जिन्यात त्याला अडवलं.

"आधी प्रॉमिस. बाबांना सांगायचं नाही."

वेदने ऐकून घेतलं. "सीरियसली? फक्त एक बटण?"

"करणार आहेस की नाही?"

"करतो ना. चिडते कशाला?"

टाकी काठोकाठ भरून डोंगरावरच्या टॉवरपर्यंत दोनदा जाऊन यायचं, दर वेळी जितकं कमी झालं तितकं मापाने ओतायचं, असं वेदने बाबांना पटवलं. दिया मालविकाच्या आईचा जुना पाण्याचा जग घेऊन उभी. पहिली फेरी नेहमीसारखी.

"चार जग!" दिया किंचाळली. "केवढी तहान!"

दुसऱ्या फेरीत बाबा फाटक उघडायला उतरले. वेदने झुकून कळ पूर्ण खाली दाबली. कुंपणावरून मालविकाला ऐकू आलं, इंजिनाचं खोकणं थांबलं! मागचा काळा धूरही विरला.

"अडीच जग! बस, भरली!"

"काय सांगतेस!" बाबांनी वेदच्या पाठीवर थाप मारली. "तू पुसलेल्या प्लगची कमाल! पोरा, जिंकलास!"

वेदने मालविकाकडे पाहिलं. ती कुंपणावरून खाली उतरली.

"काका, मी फक्त ते बटण खाली केलं," तो अखेर म्हणाला. "फाटकाजवळ. शोधलं मालविकाने."

बाबा चोककडे बघत राहिले. "पण मी तर तो बंद..."

"अर्धाच करता. प्रत्येक वेळी. मी मोजलंय, अकरा वेळा."

"चार दिवस आम्ही इंजिनात डोकी घालून बसलो! तुला कसं दिसलं गं?" बाबा हसत म्हणाले.

"मी इंजिनाकडे बघतच नव्हते," मालविका म्हणाली. "तुमच्याकडे बघत होते."

बाबांचं हसू थांबलं. हातमोजा काढून त्यांनी तिच्या टोपीवर हात ठेवला. तो तिथेच बराच वेळ राहिला.

"चूक माझी, मालू," ते म्हणाले. "मेकॅनिक आपल्या घरातच होती, आणि मी तिला कुंपणावर बसवलं. उद्या तू. गाडी कुठेही जात नाही!"

"परत आल्यावर मला एक राउंड?" वेदने हळूच विचारलं.

मालविकाने त्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"बघू," ती म्हणाली.