आत्या की अव्वा?

“ताई, आठ वर्षांची पोरगी काय खाती हो?”

मी वळून बघितलं. रिसॉर्टच्या व्हरांड्यात तीन रेस्टॉरंटांचे तीन मेनू काचेच्या चौकटीत लावलेले होते. त्यांच्यासमोर एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. परीक्षेत भलताच पेपर हातात आल्यासारखा चेहरा.

“कोणाची मुलगी?”

“माझीच.”

“मग मला कसं माहीत असणार?”

“ते बी खरंच की!” तो म्हणाला आणि हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. आणि मी... मीही हसले. मुलांशिवाय दुसऱ्या कुणामुळे शेवटचं कधी हसले होते, ते आठवायला मला थोडा वेळ लागला.

तिथून जो गोंधळ सुरू झाला, तो तीन दिवस संपला नाही.

मी चंद्रिका. सोलापुरात दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. वय बत्तीस. उजनीच्या पाण्याकाठच्या त्या रिसॉर्टला मी माझ्या भावाच्या, अण्णाच्या मुलांना घेऊन आले होते. शिवराज दहा वर्षांचा, बसू पाच. वहिनी गेली तेव्हा बसू अकरा महिन्यांचा होता. अण्णाची नोकरी पुण्यात. मुलं तेव्हापासून सोलापुरात, आईकडे आणि माझ्याकडे. शिवराज मला आत्या म्हणतो. बसूला बोलायला आलं तेव्हा समोर मीच होते, म्हणून तो अव्वा म्हणाला. आमच्या घरात आईला अव्वाच म्हणतात. आम्ही आधी सुधारून बघितलं. मग सोडून दिलं.

मार्चमध्ये अण्णानं लग्न केलं. रविवारी तो इथंच येऊन मुलांना पुण्याला नेणार होता, कायमचं. नवी वहिनी चांगली आहे. मुलं तिला काकूअव्वा म्हणतात. बसूला झोपताना दिवा लागतो का, हे विचारायला तिनं मुद्दाम फोन केला होता. तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

म्हणून हे तीन दिवस मी मागून घेतले होते. शिवराजची एकच मागणी होती. “आत्या, जिथं एका माणसाला चार-चार चमचे देतात ना, तिथं एकदा जेवायचं.”

म्हणून मी त्या मेनूंसमोर उभी होते. ‘मळा’मध्ये थाळी होती. पोहण्याच्या तलावाजवळ पिझ्झा मिळायचा. आणि तिसरं ‘अग्निपंख’. पांढरी टेबलं, मंद दिवे, टेबल आधी सांगून ठेवायचं. मेनूमधले निम्मे शब्द मला वाचताच येत नव्हते.

“तीन दिवस झाले, मी तिला पिझ्झा चारतोय,” तो माणूस सांगत होता. “निम्मा खाती, निम्मा ठेवती. विचारलं तर म्हणती, इट्स ओके. आता इट्स ओके म्हंजे आवडलं का न्हाय आवडलं?”

“नाही आवडलं.”

“बघा! तुमाला बरोबर कळतंय.”

तेवढ्यात तलावाकडून बसू ओल्या पायांनी धावत आला. “अव्वा, माझी चप्पल पाण्यात गेली!” मागून शिवराज, “आत्या, मी नाही टाकली!”

त्या माणसानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

“धाकटा तुमचा?”

“हो,” मी म्हणाले. शाळेत, दवाखान्यात, बसमध्ये चार वर्षं हेच उत्तर देत आले होते. जीभ आपसूक वळली.

“आन् मोठा भावाचा?”

“हो.”

“साहेब न्हाय आले?”

मला वाटलं, तो अण्णाबद्दल विचारतोय. “रविवारी येतायत न्यायला.”

त्यानं मान डोलावली. मीही विचारलं, “हिची आई?”

“बंगळूरला असती.”

“नोकरी असेल?”

“नोकरी बी हाय,” तो म्हणाला आणि उगाच पाण्याकडे बघत राहिला. मे महिन्यात पाणी खूप मागं हटलेलं होतं. ओल्या मातीत कुणाचे तरी पंप घरघरत होते. “पाच एचपीची मोटार दिसतीया. बेअरिंग गेलंय,” तो स्वतःशीच पुटपुटला.

नंदीश त्याचं नाव. अक्कलकोटला मोटार वाइंडिंगचं दुकान. मुलीचं नाव इंचरा. केस कानापर्यंत कापलेले, हातात पुस्तक, आणि वडिलांपासून एक खुर्ची सोडून बसायची सवय.

‘अग्निपंख’ आधी बघून यायचं, अशी माझी पद्धत. नंदीश म्हणाला, “आमी बी येऊ का? मला न्हाय जमत हे.” दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाचजण त्या थंडगार दालनात उभे होतो आणि मी कॅप्टनची उलटतपासणी घेत होते. जेवण यायला किती वेळ लागतो? मुलांचं आधी आणाल का? साधा दहीभात मिळेल? दाराजवळचं टेबल द्याल, म्हणजे कंटाळली तर अंगणात पळतील?

“तुमी वकील का?” नंदीशनं हळूच विचारलं.

“दाताच्या दवाखान्यात असते. रडणारी माणसं रोज बघते.”

“मग आमच्यासारख्यांचं काय करता?”

“तुम्ही कुठं रडताय?”

“आतून, मॅडम... आतून.”

मी मेनूत तोंड लपवलं. काल ताई होते, आज मॅडम. एका दिवसात हा फरक का पडला, आणि तो माझ्या लक्षात का आला, दोन्ही मला कळेना.

“संध्याकाळी साडेसातला एकच टेबल आहे,” कॅप्टन म्हणाला. “सहाजणांचं. दोन फॅमिली मिळून बसणार असाल तर...”

आम्ही दोघांनी एकदम म्हटलं, “नको!” आणि मग एकदम, “चालेल.”

शिवराज इंचराला म्हणाला, “यांना नक्की काय पाहिजे?” इंचरानं खांदे उडवले.

त्या संध्याकाळी मी दोनदा केस विंचरले आणि दुसऱ्यांदा विंचरताना स्वतःची लाज वाटली. बंगळूरला कुणीतरी नोकरी करत होती. तिचा नवरा पोरीला फिरवायला आणतो, बिचारा गोंधळतो, दोन शब्द गोड बोलतो... आणि मी इथं जांभळी साडी की मोरपंखी, म्हणून अडलेली. शेवटी साधा पंजाबी ड्रेस घातला. बसू म्हणाला, “अव्वा, आज तू छान का दिसतेस?”

टेबलावर खरोखर चार-चार चमचे होते. शिवराजनं ते मोजले, प्रत्येकाचा उपयोग विचारला आणि सूप नेमकं चुकीच्या चमच्यानं प्याला. नंदीश माझ्यासमोर, पण तिरका बसला होता, जवळजवळ टेबलाच्या बाहेर.

“असे का बसलात?”

“बरं हाय की असंच.”

दुपारी बोलून बोलून हसवणारा हा माणूस मान वर करेना. मी काही चुकीचं बोलले का? का त्याला माझं मन कळलं? कळलं असेल तर... माझे कान तापले.

वेटर म्हणाला, “सर, मॅडम, तुमच्या मुलांना पाणी साधं की थंड?” त्याला सुधारायच्या ऐवजी आम्ही दोघांनी एकदमच मेनू उघडले.

बसूला दहीभात आला. मी पर्समधून शेंगाचटणीची बाटली काढली आणि त्या पांढऱ्याशुभ्र बशीत चमचाभर वाढली. इंचरा टक लावून बघत होती. तिच्यासमोर काहीतरी हिरवट-पांढरं, वर पान खोचलेलं, तसंच पडून होतं.

“हवा?” मी विचारलं.

तिनं आधी वडिलांकडे बघितलं. मग बसूच्या ताटात चमचा घातला. एक घास, दुसरा घास. बसूनं स्वतःहून ताट मध्ये सरकवलं. “आजी असा करते,” ती हळूच म्हणाली. “अक्कलकोटची आजी.”

नंदीश तिच्याकडे बघत राहिला. मग घाईघाईनं रुमाल काढून नाक पुसलं. “एसी लई लागतोय हितं,” म्हणाला.

भात संपल्यावर इंचरानं मला सरळ विचारलं, “आंटी, बसूचे पप्पा उद्या येणार ना? ते पण सहावी चेअर घेऊन आपल्यासोबत जेवतील?”

“त्याचे पप्पा म्हणजे माझेच पप्पा,” शिवराज म्हणाला. “आत्याचं लग्नच नाही झालेलं.”

नंदीशच्या हातातला काटा बशीवर आपटला. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

“मग ह्यो... अव्वा?”

“तो लहान होता. त्याला वाटलं,” शिवराजनं चौथ्या चमच्यानं आइस्क्रीम उकरत सांगितलं. “तुमच्या मिसेस कधी येणार?”

“अप्पा-अम्मा डिव्होर्स्ड आहेत,” इंचरा म्हणाली, कुणी इयत्ता विचारावी तसं. “मी उन्हाळ्यात दहा दिवस इकडे असते.”

नंदीश माझ्याकडे बघत होता, आता समोरून, सरळ. मला हसू येत होतं, आणि त्याच वेळी रडूही. तेवढ्यात बसू माझ्या कुशीत शिरला.

“अव्वा, पुण्यात तू माझ्याजवळ झोपणार ना?”

हा प्रश्न येणार, हे मला महिनाभर माहीत होतं. उत्तर मात्र तयार नव्हतं. “अंगणात जाऊन बघा बरं, केवढी फुलं आहेत,” मी कसंबसं म्हणाले. शिवराजनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता दोघांना घेऊन बाहेर गेला. दहा वर्षांचं पोर... त्याला सगळं कळत होतं.

“मी उगंच तिरका बसलो की,” नंदीश हळूच म्हणाला.

मी हसले आणि मग डोळ्यांतलं आवरेना. त्यानं पाण्याचा ग्लास सरकवला. माझ्या बोटांजवळ त्याची बोटं क्षणभर थांबली... मग मागं गेली.

“तुमाला एक विचारू? रागवू नका. परत कुटं भेटलो, सोलापुरात, तर... चालंल?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “खरंच माहीत नाही. उद्यापासून मी कुणाची आत्या आणि कुणाची अव्वा, तेच कळत नाहीये. तुम्ही बोलता ते आवडतं. पण ते तुम्ही आवडता म्हणून, की घर रिकामं होणार म्हणून? रिकाम्या जागेत कुणालाही बसवलं, तर तो तुमच्यावर अन्याय होईल.”

“मला बी तसंच हाय,” तो म्हणाला. “इंचरा गेली की दुकानात दोन दिवस हात चालत न्हाय. पर तवा मला कुणाची बी आठवण येत न्हाय हो, तिचीच येती. आज दुपारी तुमी त्या कॅप्टनला झापत होता, तवा पोरगी माझ्याशेजारीच हुती... तरी मी तुमच्याकडंच बघत हुतो.”

बिल येईपर्यंत मी नॅपकिनच्या घड्या घालत आणि मोडत बसले.

रविवारी सकाळी अण्णा आला, नवी वहिनीही. बसू गाडीत बसायला तयार होईना. मी त्याला उचलून घेतलं. त्याच्या केसांना तलावाच्या पाण्याचा वास येत होता.

“बसू, मी पुण्यात नसणार. तुझी काकूअव्वा असणार. मी शनिवारी-रविवारी येणार.”

“मग तू कोण?”

“तू म्हणशील ती.”

त्यानं विचार केला. “अव्वाच. सोलापूरची.”

वहिनी शेजारीच उभी होती. तिनं डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला. मी बसूला तिच्याकडे दिलं. एवढं साधं होतं ते, आणि एवढं अवघड.

मला टेंभुर्णीहून एस.टी. धरायची होती. नंदीश म्हणाला, “आमी सोलापूरवरनंच जातोय. बसा की.” ताई नाही, मॅडम नाही. नुसतं, बसा की.

हायवेला अण्णाची गाडी पुण्याकडे वळली, आमची सोलापूरकडे. मागच्या काचेतून बसूचा हात दिसला, मग उसाचा ट्रॅक्टर मध्ये आला. मी रडले. नंदीशनं गाणं बंद केलं, काच थोडी खाली केली आणि मोहोळपर्यंत एक शब्द बोलला नाही. मागच्या सीटवर इंचरा पुस्तक तोंडावर घेऊन झोपली होती.

रडून झालं. मी वाट बघत होते... आता रिकामं वाटेल, आता काहीतरी पोकळ उघडेल. ते उघडलंही. बसूएवढंच होतं ते, बसूच्याच आकाराचं. आणि त्याच्या शेजारी, अगदी वेगळं, हा माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता, आणि तो बोलत नव्हता तरी मला आवडत होता.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. “बाकी काहीच ठरलेलं नाही. इंचराला काय वाटेल माहीत नाही, आई काय म्हणेल माहीत नाही. पण एवढं आहे.”

गाडी आधी हळू झाली, मग रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली थांबली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. नंदीश समोरच बघत होता. कान लालभडक.

“इंजिनच्या आवाजात नीट ऐकू आलं न्हाय,” तो म्हणाला.

“ऐकू आलंय तुम्हाला.”

“आलंय की... तरी बी.”

त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. बाहेर ऊन रणरणत होतं. मागच्या सीटवरचं पुस्तक मघापेक्षा थोडं खाली सरकलं होतं आणि त्याच्यावरून दोन डोळे आमच्याकडे बघत होते.

मी पुन्हा एकदा सांगितलं.